कोठ्याच्या भिंतीवरचं तोंड

मैनाबाई माळीण एका चित्राला घाबरली असं कुणी सांगितलं असतं, तर अमरावतीतल्या माणसांनी त्याला वेड्यात काढलं असतं. ही बाई डोक्यावर पाटी घेऊन खोलापुरी वेशीतून आत शिरली की पार तिसऱ्या गल्लीतल्या बाया सूप-परात घेऊन दारात येऊन उभ्या राहत. वांगी असोत, मेथी असो की मोगऱ्याच्या कळ्या, ती अशा खणखणीत आवाजात ओरडायची की झोळीतली तान्ही दचकून उठायची. मग त्यांच्या आया हिच्याशी भांडायला यायच्या, आणि भांडणात तर हिचा हात कुणी धरू शकत नसे. एका जमादारानं एकदा भाव अगदीच पाडून मागितला, तेव्हा भरबाजारात तिनं त्याला ऐकवलं, "वांगं हाये जी हे, लुटीचा माल नाई." जमादार निमूट पैसे टाकून गेला. असली ही बाई.

तिचं माहेर दर्यापूरकडचं. तिकडच्या विहिरींचं पाणी खारं, त्यामुळे माळ्याची पोर असूनही लग्नाआधी तिनं धड मळा पाहिलेला नव्हता. नवरी होऊन अमरावतीला आली, वेशीबाहेरच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "माय वं, हे तर गोड हाये!" सासरची माणसं पोट धरून हसली. नवरा मात्र हसला नाही. त्यानं मोटेचं आणखी पाणी तिच्या ओंजळीत ओतलं.

नवऱ्याचं नाव पुंजाराम. या जोडप्यात बोलण्याची जी वाटणी झाली होती ती काही बरोबरीची नव्हती. सगळं बोलणं मैनाबाईच्या वाट्याला आलं आणि गप्प बसणं त्याच्या. मोट हाकताना माणसं बैलांना गाणी म्हणतात, चुचकारतात, शिव्या देतात. पुंजाराम नुसता बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा. मूलबाळ झालं नाही म्हणून गावानं मैनाबाईला काय काय सुनावलं, तेव्हाही तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढणाऱ्या मामाला त्यानं पान-सुपारीही न देता वाटेला लावलं होतं. मैनाबाई हे सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज आणखी चढायचा.

मग कापसाची ती वर्षं आली. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. लढाई कुणाची आणि कशासाठी हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती लवकर मिटू नये एवढीच देवाजवळ मागणी होती. ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या वावरात कापूस. ज्यांच्या घरी कालपर्यंत धड छप्पर नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी येणार अशी बोलवा उठली होती, आणि ती यायच्या आधीच माणसं हवेत तरंगू लागली होती. मैनाबाईला हे सगळं वेडच वाटायचं. "आता कापूसच शिजवून खा," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

वेशीच्या आतले खुशालराव हे मूळचे कास्तकार. स्वतःचा कापूस पिकवता पिकवता दुसऱ्यांचाही घेऊ लागले आणि बघता बघता मोठे झाले. घरामागं त्यांनी कापसाचा भलामोठा कोठा बांधला. गाडीत जास्त मावावा म्हणून कापूस तुडवून भरावा लागे: चौकटीला लांबलचक पोतं टांगायचं, माणसानं आत उतरायचं, आणि वरून पडणारा कापूस पायांनी दाबत दाबत वर यायचं. मजुरी चांगली मिळे. थंडीत मळ्यात काम कमी असायचं, म्हणून पुंजारामही जाऊ लागला. संध्याकाळी तो घरी यायचा तो नखशिखांत पांढरा होऊन. मैनाबाई त्याला अंगणातच उभं करून झाडूनं झटकायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

पौषातल्या एका दुपारी बाकीचे तुडवणारे भाकरी खायला घरी गेले. पुंजारामची भाकरी त्याच्याजवळच होती, म्हणून तो मागं राहिला. खाऊन झाल्यावर एकट्यानंच ढिगाच्या बुडातून कापूस ओढायला लागला असावा. छतापर्यंत रचलेला ढीग खालून पोकळ झाला आणि अख्खाच्या अख्खा त्याच्या अंगावर आला. माणसं परतली तेव्हा कोठा गप्प होता. पुंजाराम कंटाळून मळ्यात गेला असेल असं समजून ती कामाला लागली. दिवस कलल्यावर कुणाच्या तरी हाताला त्याचं पागोटं लागलं.

खुशालराव स्वतः मैनाबाईच्या अंगणात आले. एवढा मोठा माणूस खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बाई, झोपेत गेल्यावानी गेला तो. हूं नाई का चूं नाई. कापूस म्हंजे गादीच ना." मैनाबाईनं मान हलवली. ते एक वाक्य तिनं धरून ठेवलं. त्याच्या बळावर ती पुढचे दिवस जगली, असं म्हटलं तरी चालेल.

पण ती रडली नाही. आमच्याकडे माणूस गेला की नुसते डोळे पुसून भागत नाही. बायकांनी गोल करून बसायचं, गेलेल्याचे गुण सांगत गळा काढायचा, आणि घरच्या बाईनं सगळ्यांच्या वर आवाज चढवायचा असतो. पुंजारामची थोरली बहीण दुर्गाबाई छाती पिटून रडली, शेजारणींनी सूर धरला आणि सगळ्यांचे डोळे मैनाबाईकडे वळले. मैनाबाईनं तोंड उघडलं. मोठं उघडलं. त्यातून काही म्हणजे काही बाहेर आलं नाही. ती तशीच आ वासून बसून राहिली, आणि बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

दुर्गाबाईनं ते कधी माफ केलं नाही. मैनाबाई पुन्हा पाटी घेऊन फिरू लागली, गल्लीतून पुन्हा तिचा आवाज घुमू लागला, तेव्हा दुर्गाबाई दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "नवऱ्यासाठी गळा नोता, मेथीसाठी हाये." मैनाबाई, जी जमादाराला भीत नव्हती, ती याच्यावर काही बोलायची नाही. मनाशी मात्र ती म्हणायची, जन्मभर गप्प होता, गप्पच गेला. त्याला दुखलं नाही, तर मी कशाला बोंब मारू? असं म्हटलं की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. तरी घशाशी काहीतरी घट्ट अडकून बसलं होतं. पाण्यानं ते जात नव्हतं.

वैशाखात खुशालरावांचं नवं घर जुन्याच जागी पुरं झालं; कोठ्याला लागून असलेलं स्वयंपाकघर तेवढं जुनंच ठेवलं होतं. भिंती रंगवायला त्यांनी अकोटहून नत्थुजी नावाचा चितारी आणला होता. त्यानं ओसरीवर हत्ती काढले, दारावर गणपती, खांबांवर पोपट आणि मिशीवाले शिपाई. सगळं झालं, आणि मग खुशालरावांच्या मनात आलं की कापसाच्या कोठ्याला दृष्ट लागेल. साध्या माणसांची दृष्ट उलट्या हंडीनं निघते, पण एवढ्या कापसाला हंडी कशी पुरावी! म्हणून त्यांनी चिताऱ्याला सांगितलं की कोठ्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक भलाथोरला राक्षस काढ, डोळे बटबटीत, दात बाहेर, जीभ लोंबती. गाडीवाल्यांची नजर आधी त्याच्यावर पडली पाहिजे.

वास्तुशांतीला फुलं मैनाबाईचीच होती. पुंजाराम गेल्यापासून खुशालराव दुसऱ्या कुणाकडून फुलाची पाकळीही घेत नसत. विधवेनं फुलं मागल्या दारी उतरवून परत फिरायचं, एवढा दंडक होता, आणि तो मैनाबाईला मान्य होता. कोठ्यावरून जाणारा रस्ता मात्र तिनं पौषापासून टाकला होता. ती वळसा घेऊन दुसऱ्या बोळानं यायची. त्या दिवशी त्या बोळात पाहुण्यांच्या गाड्या सोडलेल्या होत्या आणि शिरायला जागा नव्हती. ऊन चढलं होतं, मोगरा कोमेजायला आला होता. ती नाइलाजानं कोठ्याच्या रस्त्याला लागली. खाली मान घालून चालायचं तिनं ठरवलं होतं, पण समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला म्हणून तिनं मान वर केली.

भिंतभर लाल आभाळ होतं. संध्याकाळी दिसतं तसं लाल नव्हे. गेरू आणि हिंगूळ एकमेकांत कालवून ओढलेले पट्टे, नांगराच्या तासांसारखे वळत, वाकत, एकमेकांवर चढत गेलेले. जणू आभाळच दुखत होतं. खाली तसाच वळणावळणाचा एक काळानिळा पट्टा. त्यातून एक सरळ गाडरस्ता काढलेला होता, एका बाजूला कुंपणाच्या काठ्या. रस्त्याच्या त्या टोकाला दोन माणसं पाठमोरी निघून चाललेली. आणि या टोकाला, अगदी अंगावर यावं असं, ते.

त्याच्या डोक्यावर केस नव्हते, कपाळावर कुंकू नव्हतं, गळ्यात काही नव्हतं. बाई म्हणावी तर बाई, बाप्या म्हणावा तर बाप्या. तोंड असं उघडलेलं की सगळा चेहराच त्या तोंडानं खाऊन टाकला होता. आणि दोन्ही हात दोन्ही कानांवर दाबलेले.

मैनाबाई थबकली.  एवढं मोठं तोंड उघडल्यावर आवाज यायलाच हवा होता. ती आवाजाची वाट पाहत उभी राहिली. आता येईल, आता येईल. घरातून सनईचा सूर येत होता, गाडीवाला "बाजू व्हा ना बाई" म्हणून ओरडत होता, बैलांच्या घंटा वाजत होत्या, पण त्या तोंडातून काही येत नव्हतं. ते नुसतं उघडं होतं.  पाहवत नव्हतं आणि नजर हलत नव्हती.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की ही आपणच आहोत.

दुसरं कोण असणार? कोरं कपाळ, भुंडे हात, आ वासलेलं तोंड, आणि आतून शब्द नाही. बायकांच्या त्या गोलात ती अशीच बसली होती. तिला वाटलं, भररस्त्यात कुणी आपलं लुगडं फेडलं आहे. जे तिनं दुर्गाबाईपासून लपवलं, स्वतःपासून लपवलं, ते कुण्या अकोटच्या माणसानं हिंगुळानं रंगवून भिंतीवर टांगलं होतं, खुशालरावांच्या कापसाला दृष्ट लागू नये म्हणून! आणि तेही याच कोठ्यावर. शरमेनं तिचे कान तापले. शरमेच्या मागून संताप आला. तिनं पाटी तिथंच रस्त्यात ठेवली आणि ती तरातरा मागल्या दारानं आत शिरली.

मागल्या अंगणात खुशालराव आधीच चिताऱ्यावर उखडलेले होते. "म्या राकूस सांगतला होता! हे काय काढून ठेवलं? सकाळपासून जो येते तो खाली मान घालून येते. माह्या घरी वास्तूची शांत हाये का कोनाचं मयत हाये?" त्यांच्या मागं एक गडी चुन्याची बादली घेऊन उभा होता. भिंत आत्ताच्या आत्ता पुसायचा हुकूम झाला होता. नत्थुजी हा सुकलेला, पन्नाशीचा माणूस, बोटांच्या नखांत रंग, मान खाली. 

मैनाबाई मध्येच घुसली. "कावो चितारीबुवा, माहं तोंड तुमी कवा पाह्यलं?"

नत्थुजीनं मान वर केली. "तुमचं? तुमाले तर मी आजच पाहून राहिलो, माय."

"खोटं नका बोलू. मंग हे कोनाचं हाये?"

चिताऱ्यानं खुशालरावांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. "मालक, राकूस मी तीनदा काढला. तीनदा पुसला. त्याले पाहून हसू येत होतं. राकूस मी काई पाह्यला नाई. हे पाह्यलं. म्हून हे काढलं."

"कुठी पाह्यलं?" खुशालरावांनी दरडावून विचारलं.

"अथीच. सूनबाईचं."

 नत्थुजीला आता थांबता येईना. तो घाईघाईनं सांगू लागला, की आपण परसात रंग खलत बसायचो आणि सूनबाई पाणी आणून द्यायच्या. कोठ्यात माणसं काम करत असायची. एखादा दुसऱ्याला हाक मारायचा, जशी कुणीही मारतं तशी. "हाक आली का सूनबाई जागच्या जागी थिजून जाये. हात असे कानावर. तोंड उघडे, पन आवाज नाई निघे. हाक थांबली का पदर सावरून आत. रोज असंच. माह्यानं दुसरं काई काढवलंच नाई."

"कावून करते ती असं?" मैनाबाईनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"ते मी काई पुसलं नाई, माय. मोठ्या घरची सून."

चित्र आपलं नाही हे ऐकून मैनाबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. कोठा, हाक आणि कानावर हात, या तीन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींच्या जवळ सरकू लागल्या. तिला त्या दूर ढकलायच्या होत्या, पण त्या ढकलल्या जात नव्हत्या. ती खुशालरावांकडे वळली. "मालक, तुमी म्हनलं होतं, तो आवाज न करता गेला. हूं नाई का चूं नाई. कोन सांगतलं होतं तुमाले?"

खुशालराव गोंधळले. भला माणूस होता तो, फक्त मोठेपणाची सवय नवी होती. "मी कुठी होतो बाई त्या दिवशी? मी तर अकोल्याले गेलो होतो. कोनी काई ऐकलं नाई असं समदेच म्हने. तुमाले बरं वाटावं म्हून म्हनलं."

म्हून म्हनलं! ज्या वाक्याच्या आधारानं ती पौषापासून उभी होती, त्या वाक्याखाली काहीच नव्हतं. एका सज्जन माणसानं तिच्या अंगणात बसून, तिला बरं वाटावं म्हणून, तोंडाला येईल ते सांगितलं होतं. मैनाबाई त्यांच्यावरून पुढं गेली आणि स्वयंपाकघरात शिरली. विधवेनं त्या दिवशी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नव्हतं. कुणाच्या तरी तोंडून "अवं, अवं" असं निघालं, पण तिला अडवायची हिंमत कुणाला झाली नाही.

खुशालरावांची सून शकुन चुलीपाशी होती. अकोल्याकडची पोर, दोन वर्षांमागं या घरात आलेली. आज तिच्या अंगावर भरजरी लुगडं होतं, नाकात टपोरी नथ, आणि ती पुरणाच्या पातेल्यात पळी फिरवत होती. दारात मैनाबाईला पाहिलं आणि तिच्या हातातली पळी सुटली. तिचे दोन्ही हात वर जाऊ लागले. मैनाबाईनं ते मध्येच मनगटांशी पकडले. मळ्यात राबलेले हात होते ते, त्यांच्यापुढं शकुनचं काय चालणार.

"तू काय ऐकलं?" मैनाबाई म्हणाली. "आता सांग."

शकुन मनगटं सोडवू पाहत होती. "मावशी, म्या मुद्दाम नाई केलं वं."

"काय ऐकलं?"

"दुपार होती. मामंजी गावाले गेल्ते. आत्याबाई निजल्या होत्या. मी अथीच बसेल होती. कोठ्यातून हाक आली. बाप्याची. एकच." तिनं कोठ्याकडच्या भिंतीकडे पाहिलं. "बाईचं नाव घेऊन."

त्या काळात वऱ्हाडातला कुठलाही नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. "अवं" म्हणायचा, "ऐकलं का" म्हणायचा, नाहीतर नुसताच खाकरायचा. परक्या बाईचं नाव घेणं तर दूरच. भर दुपारी, सगळे गडी जेवायला गेलेले असताना, रिकाम्या समजलेल्या कोठ्यातून पुरुषाच्या आवाजात एका बाईचं नाव यावं, आणि तेही एकदाच, याचा अर्थ पाळण्यातून उतरलेल्या पोरीलाही ठाऊक होता. ती माणसाची हाक नसते. माणूस असला तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं, आणि त्याला ओ दिली की ते ओ देणाऱ्याला घेऊन जातं. शकुनला हे तिच्या आईनं सांगितलं होतं, तिच्या आईला तिच्या आईनं. मैनाबाईलाही तिच्या आईनं हेच सांगितलं होतं. तिनंही ओ दिली नसती.

"म्या दुसऱ्या हाकेची वाट पाह्यली, मावशी. देवाची आन. दुसरी आली असती तं मी आत्याबाईले उठवलं असतं. पन मले इतकं भेव वाटलं, इतकं भेव वाटलं, का म्या कानावर हात ठेवले."

"मंग दुसरी आली का?"

शकुननं नजर चुलीकडे वळवली.

"आली का दुसरी?"

"ठाव नाई. हात कानावर होते ना."

मैनाबाईच्या हातातून तिची मनगटं सुटली. बाहेर सनई थांबली होती, पहिली पंगत बसली होती, पत्रावळींवर भात पडत असल्याचा आवाज येत होता. मैनाबाईला वाटलं, या पोरीचा गळा धरावा. मग वाटलं, आपण इथून पळावं, मळ्यात जावं, विहिरीच्या काठावर बसावं आणि हे ऐकलंच नाही असं धरून चालावं. पण एक गोष्ट राहिली होती. ती काय आहे हे तिला ठाऊक होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय चालणार नव्हतं.

"नाव काय होतं?"

"मले तवा तुमचं नाव ठाव नोतं वं, मावशी. या घरात समदे तुमाले माळीनमावशीच म्हनतेत. मंग तेरवीले दुर्गाबाईनं तुमचं नाव घेऊन शिव्या देल्या. तवा समजलं." शकुनच्या गालांवरून पाणी वाहत होतं, नथीचे मोती ओले झाले होते. "तवापासून मी झोपली नाई."

"नाव सांग."

"मैना."

पुंजारामनं तिचं नाव आयुष्यात एकदा घेतलं होतं. लग्नात चार बायांनी दार अडवलं तेव्हा, तेही तोंडातल्या तोंडात, कानाच्या पाळ्या लाल करून. त्यानंतर संसार झाला, दुष्काळ झाले, तापानं तो मरता मरता वाचला, पण नाव काही त्याच्या ओठावर आलं नाही. तिनंही कधी अपेक्षा केली नव्हती. आणि कापसाखाली, नाकातोंडात कापूस जात असताना, छातीत उरलेल्या शेवटच्या वाऱ्यावर त्या मुक्या माणसानं देवाला बोलावलं नाही, मालकाला बोलावलं नाही, सोबत्यांना बोलावलं नाही. तो गप्प गेला नव्हता. त्याला दुखलं होतं, त्याला भीती वाटली होती, आणि त्यानं बायकोला बोलावलं होतं. त्या वेळी ती दोन गल्ल्या पलीकडे मेथी विकत होती. तिच्या स्वतःच्याच ओरडण्यात तिला काय ऐकू येणार होतं?

मैनाबाई मटकन खाली बसली. तिचं तोंड उघडलं. तेच तोंड, बाहेरच्या भिंतीवरचं. शकुनला ते पाहवेना. ती तिच्या पायांशी वाकली. "मावशी, मारा मले, पन असं नका करू, बोला काईतरी."

"कशी मारली त्यानं हाक?" मैनाबाईचा आवाज कुजबुजण्याइतका होता.

"मावशी..."

"तू ऐकली. या दुनियेत तू एकटीनं ऐकली. मले ऐकव. तशीच मार."

"माह्यानं नाई होनार."

"मार म्हनते ना!"

शकुन उठून उभी राहिली. तिनं भिंतीकडे तोंड केलं, ज्या भिंतीपलीकडे कोठा होता. तिचे हात पुन्हा कानांकडे निघाले, आणि तिनं ते लुगड्याच्या काठात घट्ट धरून ठेवले. मग त्या मोठ्या घरच्या सुनेनं, जिचा आवाज सासऱ्यानं कधी धड ऐकला नव्हता, छाती फुटेल अशी हाक मारली. घाबरलेली, मध्येच तुटलेली, शेवटी वर चढलेली.

"मैनाऽ!"

अंगणात पंगतीतली माणसं दचकली. वाढपी थबकले. भर दुपार होती, आणि हाक एकच आली होती. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींचे हात धरले. कुणी ओ देऊ नये म्हणून एकीनं नातीच्या तोंडावर पदर दाबला.

"ओऽ!" मैनाबाईनं ओ दिली. "आलीऽ! आली जी! आली मी, आलीऽ!"

ती तशीच उठून कोठ्याकडे धावत सुटली. तिच्या घशातून जे निघत होतं ते रडणं होतं, की ओरडणं, की ओ, हे कुणाला सांगता आलं नसतं. पण ते वेशीबाहेरच्या मळ्यापर्यंत ऐकू गेलं, आणि दुर्गाबाई हातातलं काम टाकून दारात आली. कोठ्याच्या दाराला कुलूप होतं. मैनाबाई त्यावर दोन्ही हातांनी थापा मारत राहिली आणि ओ देत राहिली. पंगतीतल्या माणसांनी हातातला घास पुन्हा पत्रावळीवर ठेवला. खुशालरावांनी कमरेची किल्ली काढली, पण त्यांना ती कुलपात घालता येईना.